एका संध्याकाळसाठी फ्रेंच भाषेतला लघुपट निवडताना

चित्रपट मंडळात किंवा फ्रेंचच्या वर्गात ‘जगात आपली जागा शोधणारी माणसे’ या सूत्रावर एकच लघुपट दाखवण्याइतका वेळ असेल, तर ती जागा त्या माणसाला कोण नाकारते आहे हे पाहून निवड करणे सोयीचे जाते.

उस्मान सेंबेन यांच्या ‘बोरोम सारे’ (१९६३) या सुमारे वीस मिनिटांच्या कृष्णधवल लघुपटात सेनेगलची राजधानी डाकारमधल्या एका घोडागाडीवाल्याचा एक दिवस आहे. गिऱ्हाइके पैसे न देताच उतरतात, आणि जी काही कमाई होते ती पूर्वजांची थोरवी गाणाऱ्या भाटाच्या हातावर ठेवून हा मोकळा होतो. पुढे एक सुटाबुटातला गृहस्थ त्याला प्लाटो या, पूर्वी युरोपीयांची वस्ती असलेल्या आणि अशा गाड्यांना मज्जाव असलेल्या भागात नेतो. तिथे पोलीस अडवतो, गाडीवाल्याचे पदक खाली पडते आणि पोलीस त्यावर बूट ठेवतो. सेनेगल १९६० मध्येच स्वतंत्र झालेला आहे, तरी हा माणूस स्वतःच्याच शहरात परका ठरतो.

सेलिम अझाझी यांचा ‘एनेमी अँतेरियर’ (२०१६) जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो. काळ १९९० च्या दशकातला, अल्जीरियात यादवी पेटलेली. फ्रान्समध्ये आयुष्य काढलेला अल्जीरियन वंशाचा एक माणूस नागरिकत्वाच्या मुलाखतीला येतो, आणि समोर बसलेला अधिकारीही उत्तर आफ्रिकी वंशाचाच असतो. साध्या प्रश्नांनी सुरू झालेले बोलणे ‘मशिदीत भेटणाऱ्यांची नावे सांगा’ इथवर कधी सरकते, ते कळतही नाही. माझ्या मते नंतरच्या चर्चेसाठी याच्याइतका जोरकस लघुपट दुसरा नाही. मात्र सगळा भार संवादांवर असल्याने सबटायटल्स चांगली नसतील, तर प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच हातचे जातील.

मैमुना दुकुरे यांच्या ‘मामाँ’ (२०१५) मध्ये प्रश्न घरातच उभा राहतो. पॅरिसच्या उपनगरातल्या आठ वर्षांच्या आइदाचे वडील सेनेगलहून परततात ते एका तरुण स्त्रीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला सोबत घेऊन. आईची घुसमट मुलगी पाहते आणि त्या पाहुणीला घालवायचे मनाशी ठरवते. नायिका लहान आहे म्हणून हा बालप्रेक्षकांना दाखवण्याचा मोह टाळावा.

टिमो फॉन गुंटेन यांच्या ‘ला फाम ए ल तेजेवे’ (२०१६) या स्विस लघुपटात जेन बर्किन घराजवळून जाणाऱ्या वेगवान रेल्वेगाडीला खिडकीतून रोज झेंडा दाखवणाऱ्या एकाकी बाईची भूमिका करतात. लघुपट गोड आणि देखणा आहे, पण या सूत्राला तो वरवरच स्पर्श करतो. हा आणि ‘एनेमी अँतेरियर’ हे दोन्ही २०१७ च्या ऑस्करसाठी एकाच गटात नामांकित होते, तेव्हा निवड करताना नामांकनाचा निकष कामी येत नाही.

प्रेक्षक मुरलेले असतील, तर अझाझी. फ्रेंच नुकतीच शिकू लागलेले असतील, तर सेंबेन, कारण तिथे चित्रच बरेचसे सांगून जाते. ‘बोरोम सारे’ची डागडुजी केलेली प्रत मिळवण्याचा आग्रह मात्र धरावा, कारण गाडी प्लाटोत शिरताच आफ्रिकी वाद्यांच्या जागी पाश्चात्त्य अभिजात संगीत सुरू होते आणि खरखरत्या प्रतीत नेमका तोच बदल हरवतो.