पाटी वीस एचपीची, मोटर दहाची: सिग्मा मिक्सर घेताना झालेली फसवणूक

बुटाइल सीलंट, मॅस्टिक, सिलिकॉन, रबराचा चिकट माल असलं काही मळायचं असेल तर साधं ढवळणी-यंत्र चालत नाही, सिग्मा मिक्सर लागतो. तळ इंग्रजी डब्ल्यूसारखा, त्यात दोन जाड वळणदार ब्लेड, दोन्ही एकमेकांकडे फिरणारी आणि वेगवेगळ्या गतीची. पुढचं मिनिटाला ३० फेरे घेत असेल तर मागचं २०. माल दोघांमध्ये ओढला जातो, फाटतो, भांड्याच्या भिंतीवर रगडला जातो. मशीन दिसायला साधं, त्यामुळे नुसतं बघून चांगलं कोणतं आणि फसवं कोणतं ते कळत नाही. पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या युनिटला हे कसं महागात पडलं ते मापांसकट लिहितो आहोत. असं मशीन घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने पैसे देण्याआधी हे वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे.

युनिटला बुटाइल मॅस्टिक, म्हणजे बुटाइल रबराचा फटी बुजवायचा घट्ट चिकट माल, करायचं होतं. कोटेशनमध्ये होतं: कपॅसिटी १०० लिटर, मोटर २० एचपी, हेलिकल (तिरक्या दातांचा) गिअरबॉक्स, मालाला लागणारे भाग एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), ट्रफ (भांडं) १० मिमी जाड, हॉट ऑइलसाठी जॅकेट (भांड्याबाहेर गरम तेल फिरवायचं आवरण), मशीन नवीन. किंमत साडेनऊ लाख अधिक १८ टक्के जीएसटी. ४० टक्के आगाऊ, ५० टक्के ट्रायल बघून गाडी भरण्याआधी, उरलेले १० टक्के मशीन चालू झाल्यावर. यातला एकही शब्द संशय यावा असा नाही. तरी जवळजवळ प्रत्येक ओळीत खोट निघाली.

पहिली खोट ‘कपॅसिटी’ या शब्दात. सिग्मा मिक्सरचं भांडं कधीच काठोकाठ भरत नाहीत. ब्लेड जेमतेम झाकली जातील एवढाच माल घालायचा, म्हणजे एकूण मापाच्या ४० ते ६५ टक्के. त्याच्या वर घातलेला माल ब्लेडच्या डोक्यावर नुसता बसून राहतो, खाली ओढला जात नाही, कोरडी पावडर गोळ्यांच्या पोटात तशीच राहते. विचारल्यावर विक्रेत्याने शांतपणे सांगितलं, “शंभर लिटर पाणी ओतून बघा, बसतंय की नाही!” बसतंच. प्रश्न पाण्याचा नव्हता.

हे टेपने मोजता येतं. त्या भांड्याची आतली लांबी ५८ सेंमी, रुंदी ५० सेंमी, प्रत्येक ब्लेडच्या घेराचा व्यास २५ सेंमी, आणि शाफ्टच्या मध्यापासून काठापर्यंत उंची २५ सेंमी. खालचे दोन अर्धगोल मिळून एक पूर्ण गोल: ३.१४ गुणिले १२.५ गुणिले १२.५, म्हणजे ४९१ चौरस सेंमी. वरचा चौकोन ५० गुणिले २५, म्हणजे १२५०. बेरीज १७४१, गुणिले लांबी ५८, साधारण १०१ लिटर. आता चौकोनाची उंची काठापर्यंत न धरता ब्लेडच्या टोकापर्यंत, म्हणजे साडेबारा सेंमी धरा: ४९१ अधिक ६२५, गुणिले ५८. उत्तर येतं ६५ लिटर. युनिटने १.४ घनता धरून १४० किलोची बॅच आखली होती, कच्चा माल त्या हिशोबाने मागवला होता, गिऱ्हाइकाला तारखा तशाच दिल्या होत्या. हाती येणार होते जास्तीत जास्त ९० किलो. ऑर्डरमध्ये ‘वर्किंग कपॅसिटी’ हे दोन शब्द असते तर विक्रेत्याला ही पळवाट राहिली नसती.

ट्रायलही अशीच. विक्रेत्याच्या शेडमध्ये मशीन आधी रिकामं फिरवलं, मग कोमट पाण्यात मळलेला मैदा घातला. दहा मिनिटांत छान गोळा झाला, सगळ्यांनी फोटो काढले. पॅनलवर अँपिअर मीटर नव्हता, ‘नंतर बसवून देतो’ असं उत्तर मिळालं. मैद्याचा गोळा आणि थंड बुटाइल यांच्या ओढीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ट्रायल आपल्या मालाची, पूर्ण बॅचची आणि थंड मशीनवरून सुरू केलेलीच हवी. रबर आणि खडूची पावडर आपल्या गाडीतून घेऊन जा, आणि टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजणारं मीटर) आपल्या खिशात ठेवा.

बुटाइलचा खरा भार कधी येतो हेही माहीत हवं. रबराचे तुकडे करून आधी थोड्या पावडरीबरोबर, तेल न घालता मळतात. वीस-पंचवीस मिनिटं रबर झुंजतं, मग एकजीव होऊ लागतं. त्यानंतर उरलेली पावडर आणि पॉलीब्युटीन (दाट, चिकट तेल) थोडं थोडं, आलटून पालटून. मोटर सगळ्यात जास्त ओढते ती पहिल्या अर्ध्या तासात. युनिटमध्ये मोटर अडखळायला लागली तेव्हा विक्रेत्याच्या माणसाने फोनवर सल्ला दिला, “तेल आधीच घाला, मऊ होईल.” भार खरंच कमी होतो, पण मालाची माती होते. रबराचे तुकडे तेलात घसरतात, रगड बसत नाही, आणि शेवटपर्यंत ज्वारीएवढे दाणे राहतात. असा सल्ला मिळाला की मोटर कमी पडते आहे, असं खुशाल समजावं.

आठव्या बॅचला वॉर्निशचा जळका वास आला आणि मोटर गेली. रिवाइंडिंगवाल्याने ती उघडली, स्टॅम्पिंगची (आतल्या लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्याची) लांबी आणि तारेची जाडी बघितली आणि सांगितलं: ही दहा एचपीची आहे. वरची पाटी तेवढी वीसची.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. २० एचपीची चार पोलची (मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांची) मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण २७-२८ अँपिअर घेते, १० एचपीची १४ च्या आसपास. इलेक्ट्रिशियनने पाटी वाचून ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) प्रामाणिकपणे २८ वर लावला. पहिल्या अर्ध्या तासात मोटर २३-२४ अँपिअर खात होती, रिलेच्या दृष्टीने सगळं ठीक, आणि आत गुंडाळी भाजत होती. खोट्या पाटीने मशीनचं संरक्षणच काढून घेतलं होतं.

हे गाडी भरण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. मोटरचा फ्रेम नंबर म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. चार पोलमध्ये १० एचपीची साधारण मोटर १३२ फ्रेमची, शाफ्ट ३८ मिमी. १५ आणि २० एचपीची १६० फ्रेमची, शाफ्ट ४२ मिमी. १५ की २० हे बघायला पायाच्या भोकांमधलं लांबीच्या दिशेचं अंतर मोजायचं: १५ ला २१० मिमी, २० ला २५४. मापं मानकाप्रमाणे असतात, कंपनी कोणतीही असो. पाटी बदलता येते, पाय बदलता येत नाहीत. पाटीचे रिव्हेट नवे आणि रंग जुना असेल तर तिथेच थांबा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून दाखवत असतील तर पन्नास हर्ट्झवर पूर्ण वेगाने चालवायला लावा.

गिअरबॉक्स हेलिकल सांगितला होता, आला वर्म (स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणारा). १४४० वरून ३० फेऱ्यांवर यायला ४८ पट उतार लागतो, आणि तेवढ्या उताराला वर्म गिअरमध्ये पाव ताकद, कधी त्याहून जास्त, उष्णतेत जाते. हेलिकलमध्ये हे नुकसान फार कमी. २० एचपी म्हणजे १५ किलोवॉट, आणि १५ किलोवॉट ३० फेऱ्यांवर म्हणजे हिशोबाने सुमारे ४७७५ न्यूटन-मीटर पीळ. १० एचपीच्या साडेसात किलोवॉटला त्याच्या निम्मा, त्यातून वर्मचा पाव वजा. एवढ्यावर बुटाइल मळलं जाणार कसं?

मशीन नवीन नव्हतं हे गार्ड काढल्यावर दिसलं. दोन ब्लेडना जोडणारे गिअर ताज्या पिवळ्या ग्रीसने माखलेले होते. चिंधीने एक दात पुसला. डोक्याशी चपटा असायला हवा तो झिजून टोकदार झाला होता, आणि बगलेवर खवल्यांसारखे बारीक खड्डे. शेजारच्या बॉडीवर स्क्रूड्रायव्हरने ओरखडा ओढला तर हिरव्या रंगाखाली लांबी (पुट्टी), तिच्याखाली राखाडी रंग, त्याच्याही खाली निळा. तीन रंगांचं मशीन नवीन कसं असेल? ग्रीस आणि रंग जिथे गरजेपेक्षा जास्त दिसतो, तिथेच आधी चिंधी फिरवावी.

ट्रफची जाडीही तशीच. काठावर दहा मिमीची पट्टी वेल्ड करून घासली होती, त्यामुळे वरून कॅलिपर लावला की बरोबर दहा भरायचे. खाली पत्रा सहाचा. अल्ट्रासोनिक जाडी-मापक भाड्याने मिळतो, तो तळाला आणि बाजूला लावायचा. नाहीतर वजन ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचं आणि काट्याची पावती मागायची, चोरलेलं लोखंड वजनात दिसतं. पत्रा बारीक असला की गरम झाल्यावर तो ब्लेडच्या दाबाने हलतो. ब्लेड आणि भिंत यांच्यातली फट एक-दोन मिमी असायला हवी, ती कुठे चार होते आणि कुठे घासते. चार मिमीच्या फटीत मालाचा थर तसाच चिकटून जळतो, आणि त्याचे काळे कण पुढच्या बॅचमध्ये येतात. फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या फट-मापकाने), ब्लेड हाताने फिरवत, निदान आठ जागी मोजावी.

स्टीलबद्दल थोडक्यात: लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, असं नसतं. २०२ लाही तो चिकटत नाही. एक्सआरएफ गनने (धातूतले घटक दाखवणाऱ्या यंत्राने) निकेल बघा, ३०४ मध्ये ते किमान ८ टक्के असतं. पत्रा, ब्लेड, शाफ्ट आणि वेल्ड वेगवेगळे तपासा, कारण पत्रा खरा आणि ब्लेड खोटं असंही करतात.

जॅकेटमध्ये तेल आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा पाइप एकाच बाजूला, शेजारी शेजारी होता, मध्ये अडसर पट्ट्या नाहीत. तेल आलं तसं जवळच्या वाटेने परत गेलं, लांबचा कोपरा थंडच. अर्धा तास तेल फिरवून इन्फ्रारेड थर्मामीटरने चार कोपरे मोजले तर हे लगेच उघड होतं. शिवाय कामाचा दाब ३ किलो असेल तर साडेचार किलोवर अर्धा तास पाण्याची दाबचाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. गरम तेल फुटलेल्या वेल्डमधून माणसाच्या अंगावर येतं. इथे भीडभाड ठेवू नये.

ग्लँडमधून (शाफ्ट भांड्यात शिरतो तिथलं, दोरी भरलेलं सील) माल बाहेर येऊ लागला तेव्हा ‘दोरी बदला’ असं सांगण्यात आलं. दोरी बदलताना कड्या ४५ अंशात कापायच्या, सांधे ९० अंश फिरवत बसवायचे, आणि नट थोडे थोडे, दोन्ही बाजूंनी सारखे आवळायचे. हे सगळं नीट केलं तरी गळत राहिलं, कारण शाफ्टवरच नखाला लागतील एवढे चर होते. खरेदीआधी ग्लँड मागे ओढून शाफ्टवर नख फिरवायला काहीही खर्च येत नाही.

आता कागद. आमच्या मते यंत्रापेक्षा युनिटचं जास्त नुकसान इथे झालं. तक्रारी सगळ्या फोनवर. लेखी काहीच नाही. उरलेले १० टक्के थांबवले तर विक्रेता सूक्ष्म व लघु उद्योगांच्या, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे गेला. उद्यम (सरकारी लघुउद्योग) नोंदणी असलेल्या पुरवठादाराला २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने तो हक्क आहे, आणि उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. पण त्याच कायद्यात आहे की माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो दिवस स्वीकृतीचा धरतात, आणि पैसे देण्याची मुदत तिथून मोजतात. पंधरा दिवस. मशीन उतरल्या दिवसापासून मोजा, मोटर जळायची वाट बघू नका. स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, मापांसकट, फोटोंसकट हरकत पाठवा.

ऑर्डरमध्ये आपला माल कोणता, किती घट्ट, बॅच किती किलोची हे लिहा. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ चा (माल सांगितलेल्या कामाला योग्य हवा) आधार घ्यायचा तर मशीन कशासाठी हवं ते विक्रेत्याला सांगितल्याचा पुरावा लागतो. ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका. धंद्यासाठी घेतलेली वस्तू तिथे बसत नाही, अपवाद फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याचा. खोटी पाटी, जुनं मशीन नवीन म्हणून देणं, यात सुरुवातीपासून फसवण्याचा हेतू दिसतो, तेव्हा पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार देता येते. रिवाइंडिंगवाल्याकडून मोटर उघडल्याचा लेखी दाखला आणि फोटो आधी घ्या, नंतर गुंडाळी करा. एकदा नवी तार भरली की पुरावा संपला. आणि बिल आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या पत्रकात) दिसल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका, नाहीतर १८ टक्क्यांचं क्रेडिटही अडकतं.

त्या मशीनला खरी २० एचपीची मोटर जोडावी असं युनिटमध्ये अनेकांना वाटलं. ते करू नये. गिअरबॉक्स आणि झिजलेले दात दहाच्याच ताकदीचे आहेत, वीसची ओढ आली की दात तुटून ब्लेडमध्ये जातील. आत्ता जुनीच मोटर गुंडाळून लावली आहे, रिले १४ अँपिअरवर, बॅच ४० लिटरची. १४० किलोसाठी घेतलेल्या मशीनमधून एका वेळी ५६ किलो माल निघतो.