आधी मीठ की आधी रंकाळा?

बीपी 148/94 निघालं. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने खाणं-चालणं बघा, मग गोळीचं ठरवू." घरी येईपर्यंत दोन पक्ष झाले होते. मित्राचं एकच, "लेका, सकाळी रंकाळा तलावावर चालायला ये, सगळं खाली येतंय." बायकोचं म्हणणं, आधी ताटातलं मीठ काढा. दोन्ही करायचं हे खरंच, पण एकदम सगळं सुरू केलेलं माणूस पंधरा दिवसांत सगळंच सोडतं. म्हणून आधी काय, हा प्रश्न.

आकड्यांवर गेलात तर दोघांत फारसा फरक नाही. नियमित भरभर चालण्यानं बीपी असलेल्या माणसाचा वरचा आकडा सरासरी 5 ते 8 नं उतरतो, मीठ कमी केल्यानं 5 ते 6 नं. तेव्हा आपल्या घरात काय जास्त बिघडलंय, ते बघूनच ठरवायला हवं.

आमच्या घरात मीठ बिघडलं होतं. चार माणसांत महिन्याला एक किलोचा पुडा संपतो, म्हणजे माणशी दिवसाला 8 ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 5 ग्रॅमच्या आतली, म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर. त्या हिशेबानं पुड्यातलं 600 ग्रॅमच वापरायला हवं. आणि लोणचं, पापड, भडंग, फरसाण हे पुड्याबाहेरचं. त्यात आपली कोल्हापुरी गंमत वेगळीच. वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटतानाच तिच्यात मीठ पडलेलं असतं. ती आमटीत दोन चमचे घालायची आणि वर सवयीनं पुन्हा मीठ टाकायचं! आता आम्ही चटणी घातली की चव बघतो, लागलं तरच मीठ. तांबडा रस्सा उगाच बदनाम आहे. बीपीच्या बाबतीत त्याचं तिखट नव्हे, मीठ मोजायचं. दुसरी वाटी घेताना हे आठवावं.

मीठ कमी केल्याचा परिणाम महिन्याभरात दिसू लागतो. पहिले दोन-तीन आठवडे जेवण अळणी लागतं, मग जीभ सरावते. अडचण एकच, हे एकट्यानं होत नाही. चूल सगळ्यांची एक असते.

चालण्याचं उलट. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आठवड्याला 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा चालीनं. साखरेला, वजनाला, झोपेलाही त्याचा फायदा, तो मीठ सोडून मिळत नाही. पण जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात किती जण टिकतात ते मी पाहिलंय, आणि चालणं थांबलं की फायदाही ओसरतो. दुसरा धोका म्हणजे फेरी संपल्यावरची मिसळ. कटात मीठ, फरसाणात मीठ, पावातही मीठ. "चाललोय की, खाल्लं तर काय होतंय" या हिशेबात आमच्या कट्ट्यावरचे निम्मे लोक जिथल्या तिथे आहेत.

तालमीत जाऊन वजनं उचलू का, असंही एक जण विचारत होता. श्वास रोखून जड वजन उचललं की त्या क्षणी बीपी एकदम चढतं. आकडा ताब्यात येईपर्यंत चालणंच बरं.

माझं मत: ज्याच्या घरात पुडा लवकर संपतो त्यानं मिठापासून सुरुवात करावी. ज्याचं जेवण आधीच बेताचं, पण दिवस दुकानाच्या गल्ल्यावर बसून जातो, त्यानं चालण्यापासून. पोट सुटलेलं असेल तर दोन्ही. वजन घटलं की साधारण किलोमागे एक आकडा उतरतो. दारू कमी करायचीच. मावा-गुटखा-मिश्रीचा तर प्रश्नच नाही, तो हृदयाचा थेट शत्रू आहे.

कमी सोडियमचं मीठ हल्ली मिळतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, म्हणून चांगलं. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पालेभाजी, मटकीची उसळ, केळं यांत तेच पोटॅशियम असतं. फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर देणाऱ्या 'डॅश' आहाराची चाचणी 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मीठ तेवढंच ठेवूनही बीपीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी 11 नं उतरला होता. म्हणजे ताटातून काढण्याइतकंच ताटात वाढण्यालाही महत्त्व आहे.

हे सगळं सुरुवातीच्या बीपीचं. 160/100 च्या वर असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर बहुधा गोळी आणि सवयी बरोबरीनंच सुरू होतात. चालू गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखलं, धाप लागली, बोलणं अडखळलं तर थेट दवाखाना.

फरक पडतोय का, ते घरीच मोजा. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, मोजताना गप्पा नाहीत. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून लिहून ठेवायचं. घरची सरासरी 135/85 किंवा त्यावर राहिली तर वही घेऊन डॉक्टरांकडे.

यंदा चटणी कुटायला देताना बायकोनं मीठ निम्मं घातलं. मीठ कमी म्हणून टिकण्याची धास्ती, तेव्हा चटणीची बरणी पहिल्यांदाच फ्रिजमध्ये गेलीय. आईला ते अजून पटलेलं नाही.