कास पठार: फुलांसाठी नाही, दवबिंदूसाठी जा

कासचे रिव्ह्यू वाचले की सगळीकडे फुलांचे गालिचे आणि रील्स, दवबिंदूसारख्या कीटक खाणाऱ्या झाडांबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. मी आधी सिंगापूरला गार्डन्स बाय द बेचं क्लाउड फॉरेस्ट हे मोठं काचघर बघितलं होतं. तिथे लिफ्टने ३५ मीटरच्या त्या कृत्रिम डोंगराच्या माथ्यावर गेलं की घटपर्णी, म्हणजे घड्यासारख्या पानात किडे पकडणारं झाड, अगदी डोळ्यांसमोर येते, तिची निसरडी कड, वरचं झाकण, सगळं निवांत बघता येतं, गार हवा, धुकं, फोटो तर एक नंबर. ती रानात बघायला बोर्नियोच्या डोंगरात चढून जाणं आपल्यातल्या किती जणांना जमणार, त्यामुळे त्या तिकिटाचे पैसे वसूल आहेत.

पण ही झाडं किडे का खातात हे मला कळलं ते कासलाच. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा जेमतेम थर, त्यातलं नत्र पावसात धुऊन जातं, मग झाडाने करायचं काय? ते नत्र किड्यांतून मिळवायचं. गाईडकाकांनी वाटेच्या कडेलाच बसायला लावलं आणि गवतात गवती दवबिंदू दाखवला, बारीक पानं, त्यावर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका पानावर चिलट अडकलेलं, पाय अजून हलत होते आणि आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकलेले! काचेच्या आत इतकी झाडं बघितली पण हे नव्हतं दिसलं. दुसरा दवबिंदू जमिनीलगत, रुपयाच्या नाण्याएवढा, नुसतं चालत गेलात तर दिसणारच नाही. आणि ती जांभळी-निळी सीतेची आसवं, ज्यांचे सगळे फोटो काढतात, तीसुद्धा शिकारीच आहेत बरं का, त्यांचे सापळे म्हणजे ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या, सेकंदाच्या हजाराव्या भागात पाण्यासकट जीव आत ओढतात. हे मात्र वरून दिसत नाही, उपटून बघायचा मोह अजिबात नको, ते काकांकडून ऐकायचं.

गाईड नक्की घ्या, आसपासच्या गावातलीच माणसं आहेत, त्यांची नजर तयार असते. भिंग न्या. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर सीझन, बुकिंग ऑनलाइन आधीच करा, शनिवार-रविवार शक्यतो टाळा कारण मागून गर्दी ढकलत असेल तर खाली वाकून बघणं होत नाही. वाट सोडून आत पाय टाकू नका प्लीज, दवबिंदू चपलेखाली गेला तर कळतही नाही. लहान मुलं असतील तर त्यांना घटपर्णी जास्त आवडेल कारण ती मोठी आणि लगेच दिसते, पण आठवी-नववीतल्या पोराला कासलाच न्या. माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि पुढच्या वेळी मॅक्रो लेन्स घेऊन जाणार.