तापणारा स्लॅब, ओली भिंत: टेंपरेचर गन घ्यावी की थर्मल कॅमेरा?

थंड देशांत थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे तापमानाचं चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने, घरातली ऊब कुठून निसटते ते शोधतात. त्यासाठी आत-बाहेर साधारण 10 अंशांचा फरक लागतो, म्हणून तपासणी हिवाळ्यात होते. कोल्हापुरात प्रश्न उलटा आहे: उन्हाळ्यात वरचा मजला तापतो आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात.

फक्त स्लॅबचा प्रश्न असेल तर हजार-दोन हजारांची टेंपरेचर गन पुरते; ती न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजते. लेझरचा ठिपका मात्र नुसता नेम दाखवतो. 12:1 गुणोत्तराची (अंतर : मोजलं जाणारं वर्तुळ) गन 12 फुटांवरून 1 फुटाच्या वर्तुळाची सरासरी देते, त्यामुळे जवळून मोजा. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्यायचा असेल तर आधी अर्ध्याच भागाला द्या आणि संध्याकाळी खालून दोन्हीकडचं छत मोजा. स्लॅबमधून उष्णता उतरायला काही तास लागतात, त्यामुळे दुपारचं माप फसवं ठरतं.

ओलीसाठी गन जवळपास निरुपयोगी आहे. तिथे कॅमेराच हवा. 160×120 बिंदूंचा (पिक्सेल) साधा कॅमेराही एका फोटोत 19,200 ठिकाणचं तापमान टिपतो, आणि बाष्पीभवनामुळे ओला भाग गार दिसतो. पण तो भिंतीच्या आतलं पाणी पाहत नाही, फक्त पृष्ठभाग पाहतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं आणि ओल लपते. पाऊस उघडल्यावर, कोरड्या दिवशी तपासा.

2019 आणि 2021 च्या पुरात पाणी शिरलेल्या घरांबद्दल मला विशेष सांगावंसं वाटतं. शाहूपुरी, नागाळा पार्ककडच्या अशा घरांत नुसत्या पिनांच्या ओलमापकावर (भिंतीत पिना टोचून ओल मोजणारं उपकरण) विसंबू नका. भिंतीत क्षार राहिले असतील तर भिंत वाळल्यावरही तो ओल दाखवतो, आणि धडधाकट गिलावा उगाच फोडला जातो. मापक ओल दाखवतोय आणि कॅमेऱ्यात तो भाग गार नाही, तर आधी क्षारांचा संशय घ्या.

पत्र्याच्या शेडला दोन्ही उपकरणं चकतात. चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. त्यावर काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवून टेपवर मोजा.

एका घरासाठी कॅमेरा विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणाऱ्याला बोलवा. जुना वाडा असेल तर किमान 320×240 चा कॅमेरा मागा आणि प्रत्येक थर्मल फोटोसोबत साधा फोटो, वेळ आणि बाहेरचं तापमान लिहून घ्या.