फिरती क्वांटम रिंग: प्रोजेक्टला एकमितीय मॉडेल की रुंदीचं?

क्वांटम रिंग म्हणजे अर्धवाहकातलं काही नॅनोमीटरचं कडं, ज्यात इलेक्ट्रॉन अडकून फिरतो. हे कडंच फिरवलं तर काय होतं, हा प्रोजेक्टचा प्रश्न. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या एम.एस्सी. फिजिक्सच्या मुलांना हा विषय परवडतो. लॅब लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. अडतं ते मॉडेल निवडताना.

एकमितीय रिंग, म्हणजे जाडी नसलेलं नुसतं वर्तुळ, दोन दिवसांत हाती येते. कोनीय संवेगाचा अंक एल धरला, तर ऊर्जा (एल − अल्फा)² या प्रमाणात बदलते. अल्फा हा फिरण्याचा वाटा. गॅलियम आर्सेनाइड हा अर्धवाहक, प्रभावी वस्तुमान (स्फटिकात इलेक्ट्रॉन जितका जड भासतो ते) मुक्त इलेक्ट्रॉनच्या 0.067 पट, त्रिज्या 20 नॅनोमीटर घेतल्यावर ऊर्जेचं मूळ एकक 1.42 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट यायला हवं. नाही आलं तर एककांत घोळ आहे, पुढे जाऊ नका. पण रुंदीच नसल्यानं त्रिज्येच्या दिशेची संक्रमणं मिळत नाहीत आणि प्रकाशशोषणाचा आलेख दोन रेषांत आटोपतो.

रुंदीच्या रिंगला इलेक्ट्रॉनला कड्यात धरून ठेवणारं टॅन-इंकसन विभव (1996) घ्या: एक पद त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, दुसरं वर्गाच्या सम प्रमाणात. उत्तरं सूत्रात मिळतात, त्यामुळे प्रोग्राम ताडून बघता येतो. रुंदी बदलली की शोषणाचं शिखर सरकतं, म्हणजे तोंडी परीक्षेत बोलायलाही काही उरतं.

गोची मात्र दोन्हीकडे एकच: वस्तुमान कोणतं? स्फटिकासकट रिंग फिरते तेव्हा कोरिऑलिस पदात (फिरत्या चौकटीमुळे समीकरणात येणाऱ्या पदात) मुक्त इलेक्ट्रॉनचं वस्तुमान येतं. टोलमन-स्ट्युअर्टच्या 1916 च्या प्रयोगातही (फिरतं धातूचं वेटोळं झटक्यानं थांबवून मिळणारी वीज मोजली) तेच दिसलं. तिथे प्रभावी वस्तुमान टाकलं की अल्फा 15 पट लहान होतो. तपासणी सोपी आहे. चुंबकीय क्षेत्र शून्य ठेवून दोन्ही वस्तुमानं मुद्दाम सारखी करा. अपकेंद्री पद आणि कोरिऑलिसमधून येणारं वर्गपद एकमेकांना पूर्ण खातात, तरंगफल तसंच राहायला हवं. बदललं तर चिन्ह चुकलंय.

प्रकाशाचं गणित करताना खानापूरच्या कुंभाराचं चाक आठवा. चाकावरच्या मुंगीला एक दिसतं, शेजारी बसलेल्या कुंभाराला दुसरं. ऊर्जा फिरत्या चौकटीतल्या आणि वर्तुळध्रुवित प्रकाश (ज्याचं विद्युत क्षेत्र गोल फिरतं) मात्र प्रयोगशाळेतला घेतला, तर रेषा उगाच फाटलेली दिसते. प्रकाशाची वारंवारिताही चौकटीबरोबर बदलून घ्या.

आलेखाचा आडवा अक्ष, म्हणजे फिरण्याचा वेग, ठरवताना भान ठेवा. सेकंदाला 1 अब्ज फेरे (तरंगत्या नॅनोकणांना 2018 साली इतकं फिरवलंय) म्हणजे जेमतेम 0.07 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राइतका परिणाम, अल्फा 0.02. अल्फा 1 ला 46 अब्ज फेरे हवेत. चुंबकानं तेवढंच 3.3 टेस्लात होतं.

हाताशी तीन महिने असतील तर एकमितीय रिंग घेऊन चुंबकीय क्षेत्राशी तुलना करा. सहा असतील आणि प्रोग्रामिंगची सवय असेल, तरच रुंदीच्या वाटेला जा.