शाळेतली एनसीसी, ज्युनिअर विंग: दोन वर्षांनंतर एका आईचं मत

लेकीचं एनसीसीचं (राष्ट्रीय छात्र सेना) ‘ए’ सर्टिफिकेट, म्हणजे शाळेच्या पातळीवरचं, गेल्या आठवड्यात हातात आलं. आठवी आणि नववी अशी दोन वर्षं तिनं शाळेत ही ट्रेनिंग केली. फॉर्म भरायच्या आधी मी बऱ्याच जणांना विचारलं होतं, पण नेमकं कुणी काही सांगेना. कुणी म्हणे ‘शिस्त लागते’, कुणी म्हणे ‘उन्हात उभं करतात’. दोन्ही खरं आहे, पण त्यावरून आईबापांनी काय ठरवायचं? म्हणून जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज. आम्ही सातारा जिल्ह्यातले. इथे घरटी नाही तरी गल्लीत एक तरी फौजी निघतोच. त्यामुळे फॉर्म पाहून सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘म्हणजे हिला आता सैन्यात जावं लागणार?’ नाही. एनसीसी 1948 च्या कायद्यानं उभी राहिली आणि त्याच कायद्यात स्पष्ट आहे की कॅडेटवर लष्करी सेवेची सक्ती नाही. दुसऱ्या वर्षी, 1949 मध्ये मुलींचा विभाग आला. साताऱ्याची सैनिक शाळा (1961 ची, देशातली पहिली) आणि एनसीसी यांतही लोक गल्लत करतात. सैनिक शाळा ही निवासी शाळा, तिची प्रवेश परीक्षा वेगळी. एनसीसी तुमच्या मुलीच्या रोजच्या शाळेतच असते, तिथलेच एक शिक्षक त्याचे अधिकारी असतात (त्यांना एएनओ म्हणतात) आणि शिकवायला बटालियनमधून फौजेतले हवालदार, सुभेदार येतात. मुलं त्यांना उस्ताद म्हणतात.

फी नाही. जागा मात्र ठरलेल्या असतात, त्यामुळे निवड होते. आमच्याकडे धावायला लावलं, उंची मोजली, दोन-चार प्रश्न विचारले.

पहिले दोन महिने फक्त ड्रिल. सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाएँ मुड. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांत 30 अंशांचा कोन, मुठी बंद. विश्राममध्ये दोन पायांत 12 इंच. शनिवारी सकाळी साडेसहाला ग्राउंडवर, आणि आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर. मी एकदा कंपाउंडजवळ थांबून अख्खी परेड पाहिली. ‘तेज चल’ म्हटलं की डावा पाय आधी, आणि त्याबरोबर उजवा हात. ऐकायला सोपं आहे. पण हुकूम कानावर पडला की निम्म्या मुली आधी शेजारणीच्या पायाकडे बघायच्या आणि मग निघायच्या. दिवाळीपर्यंत ते बघणं बंद झालं होतं. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आणि मला तो फार मोलाचा वाटला.

गणवेशाचं काम घरी येतं हे कुणी आधी सांगत नाही. बेल्टच्या बकलला ब्रासो, बुटांना पॉलिश, टोपी ओली करून डोक्यावर बसवून तिला आकार द्यायचा, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यावर काळी जाळी. पहिल्या महिन्यात हे सगळं मी केलं. दुसऱ्या महिन्यात एएनओ मॅडमनी पालकसभेत बजावलं की ज्या मुलीची इस्त्री आई करते ती त्यांना परेडमध्ये लगेच ओळखू येते. त्या दिवसापासून मी हात लावला नाही. दोन शर्टांवर इस्त्रीचे डाग पडले, पण पडू दिले.

आता मूळ मुद्दा. माहितीपत्रकात ‘नेतृत्वगुण’ हा शब्द असतो. म्हणजे काय, हे मला पहिलं वर्षभर कळलं नव्हतं. ड्रिलमध्ये एक हुकूम आहे, ‘गिनती कर’. पुढच्या रांगेतली मुलं एकामागून एक ओरडतात, एक, दो, तीन, चार. परेड तीन रांगांत उभी असते, म्हणून पुढच्या रांगेचा आकडा तिप्पट करायचा, शेवटी जागा रिकामी असेल ती वजा करायची आणि वरच्यांना एकूण संख्या कळवायची. नववीत लेक लान्स कॉर्पोरल (कॅडेटच्या वरची पहिली पायरी) झाली तेव्हा हे काम तिच्याकडे आलं. आकडा चुकला की बोलणी तिला. घरी जेवताना ती सांगायची, आज कोण आली नाही, का आली नाही, कुणाला ताप आहे. वर्गातल्या ज्या मुलींशी ती कधी बोलली नव्हती, त्यांच्याही घरची खबर तिला असायची.

नववीच्या वर्षी दहा दिवसांचा कॅम्प झाला. ‘ए’ सर्टिफिकेटसाठी एक कॅम्प आणि 75 टक्के हजेरी लागतेच, त्यामुळे कॅम्प टाळता येत नाही. एका कॉलेजच्या इमारतीत, वेगवेगळ्या तालुक्यांच्या शाळांमधल्या मुली. पहाटे पाचला उठणं, पीटी, नाश्ता, ड्रिल, नकाशावाचन, प्रथमोपचार, संध्याकाळी खेळ आणि रात्री रोल कॉल. तिच्या खोलीत बारा मुली, आणि त्यांची जबाबदारी तिच्याकडे.

पुढचं मला लेकीनं सांगितलेलं नाही. कॅम्प संपल्यावर चार दिवसांनी एका आईचा फोन आला, तिच्याकडून कळलं. सहाव्या रात्री गिनती अकरा भरली. बाकीच्या म्हणाल्या, बाथरूमला गेली असेल, बारा सांगून टाक. तिनं सांगितले नाहीत. अकराच सांगितले, मॅडमची परवानगी घेतली आणि टॉर्च घेऊन शोधायला गेली. मुलगी मागच्या बाजूला, भांडी घासायच्या नळाशी सापडली. पाळी आली होती, खाकी पँट खराब झाली होती, दुसरी नव्हती. अंधारात ती पँट धूत बसली होती आणि सकाळच्या परेडला काय घालायचं म्हणून रडत होती. लेकीनं स्वतःची जादाची पँट तिला दिली, जीसीआय मॅडमना (मुलींच्या कॅम्पला असणाऱ्या महिला प्रशिक्षक) एकटीनं जाऊन सांगितलं आणि खोलीत कुणाला काही बोलली नाही. घरीही नाही. ती आई फोनवर एवढंच म्हणाली, ‘ताई, तुमच्या पोरीनं माझी पोर मोजली.’ मला त्या दिवशी स्वयंपाक सुचेना.

म्हणून कुणी विचारलं की एनसीसीत काय मिळतं, तर मी गणवेश आणि दिल्लीच्या राजपथावरच्या परेडच्या आधी हे सांगते.

राजपथावरूनच सांगायचं तर, त्याचं आता कर्तव्य पथ झालं आहे आणि जानेवारीत दिल्लीला जाणारे प्रजासत्ताक दिन शिबिराचे कॅडेट्स अनेक चाळण्यांमधून निवडले जातात. प्रत्येकीला जायला मिळेल अशा आशेवर मुलीला पाठवू नका. एनडीएचंही (सैन्याचे अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तसंच. 2022 पासून तिथे मुलींना प्रवेश आहे, हे खरंच फार चांगलं झालं. पण ‘ए’ सर्टिफिकेटमुळे तिथली लेखी परीक्षा माफ होत नाही. थेट उपयोग व्हायला कॉलेजात सिनिअर विंगची तीन वर्षं करून ‘सी’ सर्टिफिकेट मिळवावं लागतं, त्यावर पदवीनंतर सैन्याच्या एका खास प्रवेशाला लेखीशिवाय मुलाखतीला बसता येतं. आमच्या गल्लीत एका क्लासवाल्यानं हे उलटंच सांगून पालकांकडून पैसे घेतले, म्हणून एवढं खोलात लिहिलं.

तक्रारी आहेत, आणि त्या लपवणार नाही.

रायफलची ओढ प्रत्येक मुलीला असते. पॉइंट टू टू रायफल, पालथं पडून, 25 मीटरवरचं टारगेट, श्वास अर्धा सोडून रोखायचा आणि मग ट्रिगर. दोन वर्षांत आमच्या मुलींना हे एकदाच मिळालं, पाच राउंड. तिच्या पाच छिद्रांचा कागद अजून कपाटाच्या दारावर आहे. एकदा हे फारच कमी आहे.

बूट दोन नंबर मोठे आले. बदलून मिळेपर्यंत टाचांना फोड आले होते. ग्राउंडजवळचं मुलींचं स्वच्छतागृह शनिवारी सकाळी कुलूपबंद असायचं. आम्ही पाच जणींनी मुख्याध्यापकांना लेखी दिलं, तेव्हा किल्ली मिळाली.

आणि रगडा. म्हणजे शिक्षा: बेडूकउड्या, ग्राउंडला चकरा. थोडा चालतो. पण पहिल्या वर्षी एका सिनिअर कॅडेटनं एकीच्या बुटांवरून सगळ्या प्लाटूनला ऑक्टोबरच्या उन्हात उड्या मारायला लावल्या आणि एक मुलगी चक्कर येऊन पडली. मी दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले. एएनओ मॅडमनी ऐकून घेतलं आणि उस्ताद समोर नसताना कुणीही शिक्षा द्यायची नाही असा नियम केला. तो पुढे पाळला गेला. मॅडमच्या जागी ऐकून न घेणारं कुणी असतं, तर मी लेकीला काढून घेतलं असतं.

सगळं त्या एका शिक्षकावर आहे. त्यामुळे शाळेत जाऊन आधी एएनओंना भेटा. गेल्या वर्षी किती परेड प्रत्यक्ष झाल्या, कॅम्पला मुलींबरोबर कोण गेलं होतं, शिक्षा कोण देतं, हे तोंडावर विचारा. उत्तर द्यायला जे कंटाळतात, त्यांच्याकडे पहाटे साडेसहाला मूल सोडायचं का, ते तुम्हाला तिथेच कळेल.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक बूट आणि रायफलीचा कापला.

फॉर्म साधारण जून-जुलैत निघतात. कॅम्पच्या सामानाच्या यादीत ताट, मग, मच्छरदाणी, टॉर्च सगळं लिहिलेलं असतं, पण खाकी पँट एकच धरलेली असते. मुलगी असेल तर दोन शिवून घ्या, आणि पॅडचं एक पाकीट जास्तीचं द्या, दुसरीसाठी.