न्यू जर्सीच्या पेन क्लिनिकमधले आठ आठवडे: सात महिन्यांनी लिहितेय

मागच्या जून-जुलैत एडिसनजवळच्या एका पेन क्लिनिकमध्ये, म्हणजे वेदनांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यात, मी आठ आठवडे ऑब्झर्व्हरशिप केली, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून नुसतं निरीक्षण. मधल्या सात महिन्यांत इरासचा, म्हणजे अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठीचा (एमबीबीएसनंतरचं तिथलं प्रशिक्षण) ऑनलाइन अर्ज गेला, मुलाखती झाल्या, आता रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या पसंतिक्रमाची यादी, भरायची आहे. परतल्या परतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. यातलं काय उपयोगी पडलं ते आता सांगता येतंय.

मी मिरजेची एमबीबीएस. मला पीएमआर, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन करायचंय, म्हणून पेन निवडलं. अमेरिकेत पेन मेडिसिन ही रेसिडेन्सीनंतरची एका वर्षाची फेलोशिप आहे आणि तिथे बहुतेक जण ॲनेस्थेशिया किंवा पीएमआर करून येतात. त्यामुळे या दोन शाखांसाठी पेनच्या डॉक्टरांचं शिफारसपत्र कामाचं. इंटर्नल मेडिसिनला अर्ज करणार असाल तर आधी मेडिसिनच्या वॉर्डातला महिना मिळवा, पेन नंतर. इरासमध्ये एका प्रोग्रॅमला चारच पत्रं जोडता येतात, जागा वाया घालवू नका.

याआधी एका एजंटामार्फत मी दुसरीकडे चार आठवडे घेतले होते. दीड हजार डॉलर भरले. तिथले डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस यायचे, बाकीचे दिवस मी फ्रंट डेस्कमागे बसून जुन्या फायली स्कॅन केल्या. शेवटी पत्र मिळालं, त्यात माझ्या नावाशिवाय माझं असं काहीच नव्हतं. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेले पैसे होते ते. आजही आठवलं की जीव तुटतो. म्हणून कळकळीने सांगते, पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: डॉक्टर आठवड्यातले किती दिवस ओपीडी बघतात, आणि मी त्यांच्या खोलीत असेन का?

एडिसनचं क्लिनिक मी स्वतः ईमेल करून मिळवलं. माझा व्हिसा बी-१/बी-२, त्यामुळे पेशंटला हात लावायचा नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं गेलं. पण अटेंडिंगांनी, म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टरांनी, मला पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवलं नाही. प्रत्येक पेशंट गेल्यावर दार लावून विचारायचे, "तुझं निदान काय?"

प्रोसिजरच्या दिवशी जड लेड एप्रन चढवून उभं राहायचं. सी-आर्म, म्हणजे पडद्यावर चालता एक्स-रे दाखवणारं यंत्र, तिरकं केलं की कमरेचा मणका स्कॉटी कुत्र्यासारखा दिसतो, हे पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. पडद्यावर मात्र मला नुसतं धुकं दिसत होतं. "नाक कुठाय?" त्यांनी विचारलं. नाक म्हणजे ट्रान्सव्हर्स प्रोसेस, कान म्हणजे सुपीरियर आर्टिक्युलर प्रोसेस, डोळा म्हणजे पेडिकल. तिसऱ्या दिवशी तो कुत्रा एकदम डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मग दिसायचा थांबलाच नाही. नाक-कान जिथे मिळतात, डोळ्याच्या वरच्या अंगाला, तिथे सुई न्यायची. फॅसेट जॉइंटची, म्हणजे मणक्यांमधल्या छोट्या सांध्याची, वेदना वाहणारी मीडियल ब्रँच ही नस तिथून जाते. आधी नुसतं बधिर करून बघायचं. मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या) नियमाने बधिर करायचे असे दोन ब्लॉक आणि दोन्ही वेळा किमान ८० टक्के आराम, तेव्हाच रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, म्हणजे उष्णतेने ती नस जाळणं. पेशंट घरी जाऊन तासातासाला आकडे लिहून आणायचे. ते कागद वाचायचं काम माझ्याकडे होतं.

ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचं गणितही इथेच पक्कं झालं. ऑक्सिकोडोन १० मिलिग्रॅम दिवसातून चारदा, म्हणजे ४० गुणिले दीड, ६० एमएमई, म्हणजे दिवसाला तितक्या मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५० किंवा त्याच्या वर गेलं की घरात नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोसवरचा उतारा, ठेवायला सुचवायचं. प्रिस्क्रिप्शनआधी राज्याच्या नोंदणीत बघायचं की पेशंटने दुसरीकडून काय घेतलंय. आपल्याकडे मॉर्फिन मिळवताना कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांची होणारी वणवण मी इंटर्नशिपमध्ये पाहिली होती. एकाच जातीची औषधं, तिथे घरोघरी पोचून माणसं मेली, इथे पोचत नाहीत म्हणून माणसं तळमळतात. या विचाराने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. मुलाखतीत "पेन का?" असं विचारलं की मी हेच बोलले. पाठ केलेलं उत्तर द्यायची वेळच आली नाही.

सहाव्या आठवड्यात एक आजी आल्या, साताऱ्याकडच्या, मुलीकडे राहायला आलेल्या. फोनवर मराठी दुभाषी होता. आजी म्हणाल्या, "दिवसा नुसती उसण भरल्यागत असतं, पण रात्री पोटरीत मुंग्या येतात आन् मग चटके बसतात." फोनवरून इंग्रजीत आलं ते एवढंच, कंबर आणि पाय दुखतो. मला बोलायची परवानगी नव्हती. खोलीबाहेर आल्यावर मी अटेंडिंगांना प्रत्येक शब्द उलगडून सांगितला: उसण म्हणजे स्नायू धरल्यासारखं, मुंग्या आणि चटके म्हणजे नसेचं. ते पुन्हा आत गेले, आजींची आणि मुलीची परवानगी घेतली, आणि दुभाष्याकडून मुंग्या नेमक्या कुठून कुठे जातात ते विचारून घेतलं. आजींनी नडगीच्या बाहेरून बोट फिरवत अंगठ्यापर्यंत आणलं. एल-५, म्हणजे कमरेतून निघणारी पाचवी नस. "बाळा, तुला बरं कळलं माझं," निघताना त्या म्हणाल्या. ठणका, कळ, चमक, सल, धग: हे शब्द आईच्या तोंडून ऐकत मी मोठी झाले. ते निदानाचे धागे आहेत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

अटेंडिंगांच्या पत्रात हा प्रसंग होता असं एका मुलाखतीत मला कळलं. पत्र बघायचा हक्क मी आधीच सोडला होता, पण समोरच्या डॉक्टरांनीच विचारलं, "त्या मराठी शब्दांबद्दल सांगा." पंधरा मिनिटं आम्ही त्यावरच बोललो.

उणीवही सांगते. ओपीडीतच राहिल्याने हॉस्पिटलमधलं टीमवर्क, राउंड, नाइट कॉल यातलं काही बघायला मिळत नाही, आणि दोन मुलाखतींत ते विचारलं गेलं. विम्याच्या प्रायर ऑथोरायझेशनपायी, म्हणजे विमा कंपनीची आधी मंजुरी लागते म्हणून, इंजेक्शनं पुढे ढकलली जातात, त्यामुळे सगळ्या प्रोसिजर बघायच्या तर चार आठवडे अपुरे पडतात. स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरची (मज्जारज्जूला सौम्य वीज देऊन वेदना कमी करणाऱ्या यंत्राची) ट्रायल मला सातव्या आठवड्यात बघायला मिळाली.

जूनमध्ये जायचं असेल तर आदल्या नोव्हेंबरपासूनच ईमेल पाठवायला लागा. मी बेचाळीस पाठवले, सहा उत्तरं आली, होकार दोन.